जास्तीची बाटली

अ‍ॅरिझोनातल्या आमच्या सायकलवाल्या ग्रुपमध्ये सगळे त्यांना नुसतं काका म्हणतात. वाळवंटी डोंगरातल्या ट्रेलवर निघण्याआधी ते प्रत्येकाच्या पाठीवरची पाण्याची पिशवी हाताने तोलून बघतात, टायर अंगठ्याने दाबतात आणि दम देतात, "अर्धं पाणी संपलं की यू-टर्न. टॉप समोर दिसत असला तरी! कळलं?"

मला वैताग यायचा. एकदा मी धुळीचे हात धुतले, तर केवढे ओरडले! "इथे थेंब सांडायचा नाही."

त्यांच्या सायकलला मात्र एक जास्तीची बाटली असते. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

गेल्या शनिवारी चढावरच्या एका वळणावर ते थांबले. मी मागेच होतो. हेल्मेट काढून त्यांनी ती बाटली उघडली आणि उजव्या तळहातावरून, अंगठ्याच्या बाजूने, सगळं पाणी तापलेल्या खडकावर सोडलं. गेलेल्या माणसाला आपल्याकडे असंच पाणी देतात. वडील गेल्यावर मीही दिलं होतं.

"काका, कोण?"

"मुलगा. टॉप समोर दिसत होता रे त्याला."

मग त्यांनी माझी पिशवी तोलून बघितली.

"अर्धी झालीय. चल मागे."