नांगरलेली काच

शिकलेल्या माणसाच्या शब्दावर इतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि सास्तूरच्या माझ्या मामांच्या नशिबी शिकलेला माणूस म्हणून आलो मी. डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. एकदा तो अर्धा तास दुसऱ्याच्याच रानात संपला, तर मामा तिथंच बांधावर बसले आणि घरी फोन लावला, ‘‘मोटारसायकल घेऊन या. चालणं झालंय.’’

अशा माणसापुढं मी माझं संशोधन पाजळलं. सौरपेशीतल्या सिलिकॉनचा गुळगुळीत पृष्ठभाग मी रसायनात बुडवून बारीक खडबडीत करतो. मग ऊन वरच्यावर परत न फिरता आत शिरतं आणि वीज जरा जास्त मिळते. हे ‘जरा’ वाढवण्यात माझी सात वर्षं गेली आहेत. मामींनी ठेवलेला चहा निवला तरी मी थांबलो नाही. मामा म्हणाले, ‘‘म्हंजी नांगरलेल्या रानात पाणी मुरतं, तसं ऊन मुरतं म्हण की.’’ इतकं सोपं मला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं. मी खूश होऊन मान डोलावली. त्या सिलिकॉनवर काच असते आणि तिला हात लावायचा नसतो, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

पुढच्या खेपेला गेलो तर वांग्यांनी माना टाकलेल्या. मामांनी सौरपंपाच्या पॅनेलच्या काचा विटेच्या तुकड्यानं तीन दिवस घासल्या होत्या, आधी उभ्या, मग आडव्या. ओरखड्यांत धूळ बसली आणि पंपाची धार करंगळीएवढी झाली. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकनं कपाळावर हात मारला. ‘‘कुणी सांगितलं हो तुम्हाला हे?’’

मी विहिरीत डोकावून पाणी किती आहे ते बघू लागलो. माझी सात वर्षांची अब्रू मामांच्या जिभेवर होती.

‘‘कुणी न्हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘माझंच डोस्कं. हा आमचा भाचा ह्यातलाच लई मोठा माणूस हाय, त्याला आधी इचारायला पायजे व्हतं.’’

मेकॅनिकनं माझ्याकडं आदरानं पाहिलं. वांगी त्या हंगामाला गेलीच. पुढं माझा प्रबंध पुरा झाला. त्यातल्या आभाराच्या पानावर प्रयोगशाळेच्या शिपायापर्यंत सगळे आहेत, फक्त मामा नाहीत. त्यांचं नाव घालायचं तर कारण लिहावं लागलं असतं.

परवा मामांचा फोन आला. ‘‘नवीन काय काढलंस का? सांग, करून बघतो.’’ मला फार भरून आलं, आणि मी काहीच सांगितलं नाही.