आबा वकील आणि थोरली सनद

आबा वकिलांचा इंग्लंडच्या एका राजावर मनापासून राग होता. जॉन त्याचं नाव. मरून आठशे वर्षं झालेला हा राजा सोलापुरात आमच्या ऑफिसात रोज शिव्या खायचा.

पक्षकार बार्शीचा असो की अक्कलकोटचा, आबा आधी मॅग्ना कार्टाची, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरल्या सनदेची गोष्ट सांगणार. "मनात आलं की माणूस आत टाकायचा बग. मग सरदारांनी त्याला माळावर गाठला आन् कबूल करायला लावलं, कायद्याबिगर कुणाला धरायचं न्हाय!" राजानं सही केली असं कुणी म्हटलं की आबा खवळायचे. "सही न्हाय, शिक्का!" मी त्यांची ज्युनिअर. गोष्ट मला तोंडपाठ झाली होती.

एकदा मी वैतागून म्हटलं, "आबा, तो कागद सरदारांचा. त्यात गरीब कुठं होता?"

आबा खूशच झाले. "सरदारांनी आपल्यापुरतं दार उघडलं, पोरी. मागनं एकेक जण घुसत आला. आपल्या घटनेनं तर दारच काढून टाकलं."

आबांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांचं नाव निघालं की मला एका चौकीतलं बाकडं आठवतं. सांगोल्याकडची एक मेंढपाळ बाई ऑफिसात आली होती. "मालकांना परवा चौकीत न्हेलंय. चोरीचा संशय म्हनं. मेंढ्या व्यायला झाल्यात, शेजारणीला बसवून आलेय." आबांनी तिलाही गोष्ट ऐकवली. तिनं काळजीनं विचारलं, "त्यो जॉन आता कंच्या चौकीत असतो?"

आबा उठलेच. आम्ही तिघं चौकीत गेलो. तिचा नवरा बिरा बाकड्यावर अंग चोरून बसला होता. चौकीतले साहेब म्हणाले, "अटक कुठं केलीय? चौकशीला बसवलंय."

"मग गेला तरी चालंल की?" आबांनी विचारलं. साहेबांनी फाईल पुढ्यात ओढली. पण बिरा उठेना. साहेबांनी बस म्हटलं होतं ना!

आबा त्याच्याशेजारी टेकले. "धरलं असंल तर चोवीस तासांत कोर्टापुढं न्यावं लागतंय. धरलं नसंल तर तू मोकळा हायस. तूच विचार."

बिरा उभा राहिला. "सायेब, मला धरलंय का?"

साहेबांनी फाईल चाळल्यासारखं केलं. "नाही."

"मग मी जातो."

आणि गेला की! बायकोला घेऊन तरातरा स्टँडकडे निघाला, आम्हाला साधा राम राम न करता. मला रागच आला. आबा मात्र चौकीच्या पायरीवर उभं राहून डोळ्यांत पाणी येईतो हसत होते.

"अगं, राम राम कशाला? आपण काय उपकार केलेत का त्याच्यावर?"