मामंजींच्या पाठीत धपका

निजामाच्या राजवटीत आमच्या सेलूला दाताचा डॉक्टर नव्हता. बाजाराच्या दिवशी हैदराबादेकडचा एक दात काढणारा यायचा आणि पेठेत चटई टाकून बसायचा. मामंजींची दाढ ठणकायला लागली, तेव्हा त्याला घरीच बोलावणं गेलं. कापसाचा एवढा मोठा व्यापारी चारचौघांत तोंड वासून बसणार थोडाच!

मामंजी म्हणजे जमदग्नीचा अवतार. लग्नाला दोन वर्षं झाली तरी ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, असा घरचा रिवाज. मी आपली दाराआडून बघत होते.

"हिलो नक्को, सेठ. कुच बी नई होता," म्हणत त्यानं पक्कड घातली. पण गप्प बसतील तर ते मामंजी कसले! पक्कड कशी धरायची, ते त्याला शिकवायला गेले. त्यासाठी जोरात श्वास घेतला आणि नेमकी तेव्हाच सुटलेली दाढ घशात गेली.

डोळे पांढरे झाले, तोंड काळंनिळं पडलं, आवाज बंद. सासूबाईंनी घाईघाईनं कपाळाला विभूती फासली. हे पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि नुसते उभे राहिले. दात काढणारा पेटी आवरायला लागला.

"पाठीत हाणा की!" मी दाराआडून ओरडले.

"बापावर हात उचलू व्हय?" हे म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माहेरी राणीसावरगावला भावाच्या घशात चिंचोका अडकला होता, तेव्हा आईनं त्याला ओणवा करून धपका घातलेला मी पाहिला होता. मी धावले, मामंजींची मान खाली दाबली आणि पाठीत सणसणीत एक ठेवून दिला. दाढ फरशीवर पडली.

मग भानावर आले. सासऱ्याला मारलं! आता कायमची माहेरची वाट!

मामंजी ओणवेच होते. घरघरत कसेबसे बोलले, "आजून एक हाण, माय. दाढंचा तुकडा आतच हाय."

'माय' ऐकून मला रडूच फुटलं. हात उचलला, तर पडेना.

"हाण की!"

डोळे पुसले आणि हाणला, पहिल्यापेक्षा जोरात. तुकडा बाहेर आला. मामंजींनी छाती भरून श्वास घेतला आणि लेकावर खेकसले, "उभा काय राह्यलास? तिला पाणी दे."