वनोद्यानाच्या फाटकाशी

शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी अर्ज देण्याचा तो शेवटचा दिवस होता. सासऱ्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर, सोबत सासूबाई जातील. सकाळच्या एसटीने आम्ही रिठदहून वाशीमला आलो, तर कारकून जेवायला गेलेले. तीननंतर या, पाचला बंद होईल, असं शिपाई म्हणाला. सासूबाईंना शहराच्या कडेला वनखात्याने केलेलं उद्यान पाहायचं होतं. गेलो.

आत साग, मोह, बांबूची बेटं आणि जाळीमागे चार हरणं. सासूबाईंनी हरणांकडे एकदा पाहिलं, मग त्या खालीच पाहत चालल्या. वाळलेलं लाकूड पडलेलं दिसलं की उचलायचं, ही आमच्याकडच्या बायकांच्या हाताची सवय. फाटकाशी परत आलो तेव्हा त्यांच्या डोक्यावर वेलीने बांधलेली मोळी होती.

चौकीदाराने फाटकाला कुलूप घातलं. मोळी उतरवून घेतली, पण तेवढ्यावर भागेना. साहेबांना सांगावं लागेल, घरच्या माणसाचं नाव सांगा, म्हणाला. सासूबाईंनी गाव सांगितलं, मुलाचं नाव सांगितलं. त्याला मुलाच्या बापाचं हवं होतं. ते सासूबाई घेणार नव्हत्या, नवऱ्याचं म्हणून. मी घ्यायचं नव्हतं, सासऱ्यांचं म्हणून. त्या माझ्याकडे पाठ करून दगडावर बसल्या.

सगळीकडून काटेरी तार. मी कुंपणाला धरून दोन फेऱ्या मारल्या. बाहेरून जाणाऱ्या सायकलवाल्याला वेळ विचारली. चार वाजून गेले होते. मग पिशवीतून अर्ज काढला आणि त्यावर लिहिलेलं सासऱ्यांचं नाव चौकीदारापुढे धरलं. त्याने कागद घामेजल्या हातात उलटसुलट केला.

"मले वाचता येत नाई, बाई. तोंडानं सांगा."

मी सांगितलं. आडनावासकट, स्पष्ट.

कुलूप निघालं. कचेरीपर्यंत सासूबाई माझ्यापुढे दहा पावलं चालल्या. कारकून कपाटाला किल्ली लावत होते. त्यांनी अर्ज घेतला, चष्मा वर केला. चौकीदाराच्या बोटांनी नेमकी त्या नावाचीच शाई पसरली होती.

"नवऱ्याच्या वडलांचं नाव काय?"

मी मागे पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"सांग न आता," त्या म्हणाल्या. "चौकीदाराले सांगतलं, मंग याईले सांगाले कायले लाजतं?"