एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग

थोरल्या नातवाने पत्रात लिहिलं आहे की तो त्याच्या जुन्या मोटारीला पॉवर स्टिअरिंग बसवतो आहे. सुट्या भागांचे फोटोही पाठवले आहेत. फोटोंवरून मला फारसं कळलं नाही, पण एक विचारावंसं वाटलं. गाडी रस्त्यावर नेण्याआधी पुढची चाकं कोणत्या बाजूला वळतात ते बघशील ना? तुम्हा सगळ्यांना हा प्रश्न वेडगळ वाटेल. आमच्या घरात तो कोणालाच सुचला नव्हता, म्हणून काय झालं ते क्रमाने लिहिते.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही नांदुऱ्यापासून पाच-सहा मैलांवरच्या गावात राहत होतो. घरी मोठी शेती होती आणि एक जुनी विलायती मोटार होती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती एका बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेतली होती. इंजिन चांगलं होतं. स्टिअरिंग मात्र इतकं जड, की गाडी वळवताना तुमच्या आजोबांचे दात बाहेर यायचे. वळण संपलं की ते आधी सदरा सारखा करत आणि मग पुढे बघत.

त्या पावसाळ्यात मला नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला बोलावणं आलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचं होतं. मी बी. ए. झालेली, आणि त्या पदवीचा घरात उपयोग काय, तर खताच्या पोत्यावरचं वाचून दाखवायचं. मला ती नोकरी हवी होती. एसटी अकराला यायची आणि शाळा साडेदहाला भरायची. मामंजींनी अट घातली.

"सूनबाई, शाळेत जायले माही ना नाही. पण हंगामाच्या दिवसात रोज तुले पोचवून द्याले माणूस भेटणार नाही. मोटार तुह्या हातानं नेत असशील तर जाय."

मी स्टिअरिंगचं चाक धरून पाहिलं. उभ्या गाडीत ते सूतभरही हललं नाही. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "जाऊ दे व माय, ते काय बायामाणसाचं काम हाय!"

मग तुमच्या आजोबांनी मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री कापसाच्या जिनिंगच्या इंजिनांची कामं करायचा आणि त्याला न येणारं काम त्याने अजून पाहिलं नव्हतं. गाडीखाली निजून तो म्हणाला, "भाऊ, याचा स्टिअरिंगचा डबाच बदलू. अकोल्याच्या भंगारात लढाईच्या टायमाचा लष्करी ट्रकचा डबा हाय. ट्रकचा म्हणल्यावर चाक हलकं चालते. फेरे जास्त माराले लागतीन, पण बाई एका बोटानं फिरवतीन!"

डबा, म्हणजे स्टिअरिंगचा गिअरबॉक्स, आला. तो थोडा कापावा, थोडा जोडावा लागला, आणि बसेना म्हणून उलटा करून बसवावा लागला. त्या ट्रकात ड्रायव्हर डाव्या बाजूला बसायचा आणि आपल्या गाडीत तो उजव्या बाजूला बसतो, हे मिस्त्रीला माहीत होतं. त्यामुळे पुढे काय होईल, एवढंच माहीत नव्हतं.

काम दसऱ्याच्या सकाळी संपलं. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं आणि गाड्या पुजायच्या, आणि नवं सामान घातलेली गाडी पूजेआधी जागची हलवायची नाही, हा सासूबाईंचा नियम. म्हणून मिस्त्रीने पुढची चाकं जॅकवर उचलून सगळ्यांना हवेतच स्टिअरिंग फिरवून दाखवलं. खरोखर एका बोटाने फिरत होतं! सगळं घर त्या बोटाकडे पाहत राहिलं. मीसुद्धा. खाली चाकं कुठे वळतात तिकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

पूजा झाली. झेंडूचे हार घातले, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. रीतीप्रमाणे गाडी आधी मारुतीला न्यायची होती. मारुती फाटकातून डाव्या हाताला आणि उकिरडा उजव्या. मामंजी मागे बसले. आजोबांनी लिंबं चिरडली, फाटकाबाहेर आले आणि ऐटीत डावीकडे चाक फिरवलं. गाडी उजवीकडे निघाली. त्यांनी आणखी डावीकडे फिरवलं. गाडी आणखी उजवीकडे गेली.

"काऊन रे," मागून मामंजी म्हणाले, "मारुती तिकडं, अन् तू इकडं काऊन जाऊन राह्यला?"

"बाबा, मी तिकडंच वळवून राह्यलो!"

"मंग गाडीले सांग ना तसं!"

गाडी झेंडूच्या हारांसकट उकिरड्यात थांबली. सासूबाईंनी लिंबांना दोष दिला. मिस्त्रीने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "हलकं तं झालं ना, भाऊ? डबा उलटा बसला, म्हणून आता फक्त चाक उलटं फिरवा लागते."

धाकट्या दिरांना हे सोपं वाटलं. ते म्हणाले, "सरका, मी नेतो." ते थेट कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात गेले. आजोबांनी चार दिवस सराव केला. सावकाश असले की जमायचं, पण समोर कुत्रं आलं की हात जुन्या सवयीने फिरायचे आणि गाडी कुत्र्याच्या मागे लागायची. मिस्त्री डबा काढायला तयार होता, पण जुना डबा त्याने अकोल्याला बदल्यात देऊन टाकला होता. दुसरा मिळेपर्यंत दिवाळी उलटून गेली असती, आणि शाळेने दुसरी बाई नेमली असती.

मी विचार केला. या दोघांना अडचण होते ती सरळ गाडी येते म्हणून. मला तर कोणतीच येत नाही. मी दुपारी रिकाम्या खळ्यात गाडी घेऊन बसले. आजोबा शेजारी होते.

पहिल्या दिवशी मी खळ्याच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, धडकले. दुसऱ्या दिवशी चाक वरून धरायचं सोडून खालून धरलं, मांडीजवळ. आणि मला गंमत कळली. खालून धरलं की जिकडे जायचं तिकडे हात न्यायचा, गाडी तिकडेच जाते! उजवीकडे हात, उजवीकडे गाडी. यात उलटं काहीच नव्हतं. मी खळ्याला आठ फेऱ्या घातल्या. आजोबा उतरले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. मला फुटला नव्हता.

सासूबाई बघायला आल्या. "हे कोण्या परीनं धरलं व? जात्यावर बसल्यावाणी!" पण त्या पुढच्या फेरीला मागच्या सीटवर चढल्या.

लायसन्सबद्दल विचारू नका. त्या वेळी आम्हालाही कोणी विचारलं नाही. आणि तुम्ही असलं काहीही करू नका.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मामंजी परीक्षा घ्यायला स्वतः मागे बसले. आजोबा शेजारी. नांदुऱ्याच्या अलीकडे ओढ्यावरच्या अरुंद मोरीवर समोरून कापसाची गाडी आली, इतकी भरलेली की बैलांच्या वर नुसता ढग दिसत होता.

"डावीकडे फिरव! डावीकडे!" आजोबा ओरडले.

डावीकडे चाक फिरवलं असतं तर आम्ही बैलांच्या शिंगांवर गेलो असतो.

"तुम्ही डोळे मिटून बसा हो," मी म्हणाले, आणि हात मांडीजवळून डावीकडे नेला. फेरे जास्त म्हणून हात बदलत बदलत नेला, पण गाडी कडेला आली. कापूस आमच्या काचेला घासून गेला. आजोबांनी डोळे खरंच मिटले होते.

शाळेच्या फाटकाशी मी गाडी उभी केली. मामंजी खाली उतरले. त्यांनी पुढच्या चाकांकडे पाहिलं, मग शाळेच्या पाटीकडे.

"शाळा सुटते कितीले?"

"साडेचारला."

"मंग उद्यापासून मी बी येतो. नांदुऱ्यात माहे लय कामं पडले हायेत."

त्यांची कामं मला तोपर्यंत ठाऊक नव्हती. चहाच्या दुकानात पेपर वाचणं आणि धान्याच्या अडतीवर गप्पा मारणं. ते मागे बसत आणि सबंध रस्ताभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत.

संक्रांतीच्या सुमारास मिस्त्री अंगणात उभा राहिला. काखेत पोत्यात गुंडाळलेला दुसरा डबा होता. या वेळी बरोब्बर माप घेऊन आणला होता. तुमचे आजोबा आणि धाकटे दीर लगबगीने जॅक काढायला धावले. गाडी सरळ झाली की हंगामात ती कोण नेणार, हे मला माहीत होतं.

मामंजी ओट्यावर सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मिस्त्री, तो डबा घरी घेऊन जा. सरळ केली की हे दोघं घेऊन पयतीन, अन् मले घरी बसा लागीन."

"पण दादासाहेब, गाडी तं उलटी हाय!"

"सूनबाईले नाही," ते म्हणाले.

आजोबांनी जॅक परत ठेवला. मिस्त्रीने डबा पुन्हा पोत्यात नीट गुंडाळला. मग त्याने मला विचारलं, उद्या नांदुऱ्याला जाताना त्याला आणि डब्याला मागच्या सीटवर जागा होईल का.