तिचं म्हणणं

परवा आमच्या शहरातल्याच हिमायतनगर भागात भाचीकडे गेले होते. बाहेरच्या खोलीत तिची दोन्ही मुलं टीव्हीसमोर पालथी पडून कुठलीशी परदेशी मालिका बघत होती. पडद्यावर भादरलेल्या डोक्याची एक मुलगी खुर्चीत बसलेली, डोक्याला तारा चिकटवलेल्या, आणि काचेपलीकडे सरकारी माणसं तिच्याकडे बघत काहीतरी टिपून घेत होती. तिला म्हणे दुसऱ्याच्या मनातलं कळतं. मी चष्मा पुसायचं निमित्त करून नजर वळवली, तेव्हा धाकटी म्हणाली, “आजी, डरू नक्को. आता बघ, ती सगळं फोडून टाकते.” आणि खरोखरच काच तडकली, दिवे फुटले, ती माणसं कोलमडून पडली. मुलांनी टाळ्या पिटल्या. अशा गोष्टी रचणाऱ्यांना बहुधा वाटत असावं, की ज्याला मनातलं कळतं त्याच्या अंगात आपोआप बळही येतं. मी पाहिलेल्या मुलीला नुसतं कळत होतं. कळण्यानं दार उघडत नाही.

दहा-बारा वर्षं झाली. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होते. नऊ वर्षांची ती पोर नांदेडकडच्या एका बौद्ध कुटुंबातली. वडील नामपल्लीच्या बाजूला एका कचेरीत कंत्राटी शिपाई म्हणून लागलेले, आणि घर गावाहून इथं येऊन जेमतेम दोन महिने झालेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वडिलांबरोबर येऊन कचेरीतल्या स्टुलावर बसायची. एकदा साहेबांच्या कपाटाची किल्ली सापडेना, तर ही बसल्या जागेवरून म्हणाली, “घरी खुंटीवरच्या पँटीत हाय.” होती तिथंच. मग लोकांना चाळाच लागला. मुठीत काय आहे, पाकिटात काय आहे, विचारायचे, ती सांगायची. गोष्ट या टेबलावरून त्या टेबलावर जात अखेर शहराबाहेरच्या एका सरकारी संशोधन केंद्रापर्यंत पोचली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना इंग्रजीखेरीज काही समजत नव्हतं आणि पोरीला मराठीखेरीज काही येत नव्हतं. माझे यजमान सरकारी नोकरीत. त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला, ‘तुमच्या मिसेस मराठीच्या ना?’ आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सरकारी चाकरीतलं. वरून आलेल्या शब्दाला नाही म्हणायची रीतच आमच्यात नव्हती. तिच्या वडिलांना नाही म्हणणं परवडणारं नव्हतं, आणि मला ते कुणी शिकवलं नव्हतं. असे आम्ही दोघं एकाच बाकावर येऊन बसलो.

केंद्रातल्या त्या खोलीत कुणी तिला मारलं नाही, की कुणी आवाज चढवला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण क्रौर्य म्हटलं की आपल्याला ओरडणारी माणसं आठवतात. डॉक्टर मृदू होते. रोज चॉकलेट आणायचे. एक नर्स तिच्या तेलानं चप्प बसवलेल्या केसांत भांग पाडून पाडून गार, चिकट मलम लावायची आणि त्यावर तारा बसवायची. मलम लागलं की पोर खांदे आकसून घ्यायची. मग बंद लिफाफे समोर यायचे. ती आतलं चित्र सांगायची, मी ते इंग्रजीत सांगायचे, टेबलावरचं यंत्र आमचे आवाज साठवून घ्यायचं. छत्री. कंदील. बैल. दहातली नऊ बरोबर. जितकं बरोबर यायचं तितके लिफाफे वाढायचे, तितक्या तारा वाढायच्या. हुशार मुलीला शिक्षा कशी होते ते मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं, तिथं पाहिलं.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “बाई, यांना सांगा, मला हितं यायचं नाही. मला माझ्या आईपाशी जायचंय.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ती जरा दमली आहे. त्यांनी दहा मिनिटांची सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी नर्स तारा लावत असताना ती पोर माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाली, “काल तुम्ही माझं म्हणणं सांगितलं नाही त्यांना.” तिला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं. मी पदराशी चाळा करत राहिले.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर तिच्या वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच लहान असतील. “बाई, रात्री झोपत नाही वो ती. झोपंत बी चित्रं दिसतात म्हणते. साहेब म्हणले, एवढं होऊ दे, तुला पर्मनंट करू. मी कसं नाही म्हणू? पण तुमच्या तोंडून जातं तेवढंच त्यांना कळतंय. तुम्ही उलटं सांगा ना. ती छत्री म्हणली तर तुम्ही घोडा म्हणा. चार दिवस चुकलं की देतील सोडून.”

इतकं सोपं होतं ते, आणि मला सुचलंही नव्हतं. घरी येऊन मी रात्रभर कूस बदलत राहिले. ते यंत्र सगळं साठवतं; उद्या कुणी मराठी जाणणाऱ्यानं ऐकलं तर? यजमानांना काय उत्तर द्यावं लागेल? तरी सकाळी मनाशी ठरवून गेले. पहिला लिफाफा आला. ती म्हणाली, “मासा.” मी तोंड उघडलं. माशाऐवजी ‘होडी’ म्हणायचं होतं, साधा एक शब्द. तो जिभेवर आला आणि तिथंच थांबला. पोरीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आजारी माणसाकडे बघावं तसं तिनं पाहिलं. म्हणाली, “राहू द्या बाई. तुम्हाला भ्या वाटतंय.” आणि डॉक्टरांकडे वळून, माझ्याच तोंडून ऐकून ऐकून शिकलेल्या इंग्रजीत, तिनं स्वतःच सांगितलं, “फिश.”

डॉक्टर आनंदले. मुलगी भाषाही शिकते आहे, असं त्यांनी लिहून घेतलं.

त्यानंतर ती बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. लिफाफे आले आणि गेले, चॉकलेटं टेबलावर विरघळली. माझ्या खोटं बोलण्यानं जे झालं असतं ते तिनं आपल्या गप्प बसण्यानं केलं. फक्त त्याला तीन आठवडे लागले, आणि ते सारे दिवस ती त्या मलमाखाली एकटीच बसून होती. मी शेजारीच होते. सांगायला काही नव्हतं म्हणून मीही गप्प होते. अखेर निष्कर्ष निघत नाही असा शेरा पडला आणि आम्हाला जायला सांगण्यात आलं. वडिलांना कुणी कायम केलं नाही. पावसाळा संपायच्या आत त्यांचं ते कंत्राटही गेलं.

पाच-सहा वर्षांनी बेगम बाजारात ते मला दिसले. एका दुकानासमोर मिरचीची पोती उतरवत होते. मला पाहून थांबले, घाम पुसला, “बऱ्या हाव का बाई” म्हणाले. मी तिच्याविषयी विचारलं. “दहावीला हाय. हुशार हाय. आता तसलं काही सांगत नाही. कुणाच्या तोंडाकडं बघतच नाही ती. मास्तर असो, मामा असो, खाली बघून बोलते. बघितलं की दिसतं म्हणते, मग कशाला बघायचं.” मी विचारलं, एकदा येऊन भेटू का तिला? ते पोत्याची सुतळी चाचपू लागले. “नका येऊ. तुम्ही वाईट नाही बाई, मला ठाऊक हाय. तिला बी ठाऊक हाय. पण नका येऊ.” मग पोतं पाठीवर घेऊन ते आत गेले. मी वाट अडवून उभी आहे, हे एका हमालानं ओरडून सांगेपर्यंत मला कळलं नाही.

आता ती विशीत असेल. याच शहरात कुठेतरी नोकरी करत असेल, कदाचित संसारही. माफी मागावी असं आजही वाटतं, पण ती मागायची तर तिच्यासमोर जायला हवं, आणि समोर न जाणं एवढंच तिच्या घरानं माझ्याकडे मागितलं आहे. तेवढं तरी मी जसंच्या तसं पाळते. कधी बसमध्ये एखादी तरुण मुलगी मान खाली घालून तिकीट घेताना दिसते आणि माझा हात आपोआप पदराकडे जातो. वाटतं, हिनं एकदा वर बघावं. आणि ज्याच्याकडे बघेल त्याच्या मनात तेव्हा भीती नसावी.