फोरमनच्या कचऱ्याच्या डब्यातलं पुस्तक

फोरमन चौतीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं उलटली, तरी गल्लीत त्यांना फोरमनच म्हणत. निवृत्तीनंतर माणसं फिरायला जातात, सुनांची गाऱ्हाणी सांगतात. हा गडी पुस्तक लिहायला बसला! डिझेल इंजिनाचं दुखणं नुसत्या कानाने कसं ओळखायचं, यावर. ही विद्या आपल्याबरोबर संपू नये, एवढाच त्यांचा ध्यास. एक्केचाळीस प्रकरणं झाली होती, पण पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही म्हणजे नाही.

आता कॉम्प्युटरनेच मान टाकली. सुरू व्हायला वीस मिनिटं, आणि सुरू झाला की निळा पडून आडवा. रविवारी सकाळी लेक आली. एका मोठ्या हॉस्पिटलातले दोनशे कॉम्प्युटर ती सांभाळते, हे फोरमन दूधवाल्यालासुद्धा सांगून चुकले होते.

"बाबा, डागडुजीने भागणार नाही. डिस्क पूर्ण पुसायची आणि सिस्टिम नव्याने टाकायची."

"म्हणजे इंजिन उतरवून ओव्हरहॉल!" फोरमन खूश. थातूरमातूर कामाचा त्यांना भयंकर तिटकारा.

"तसंच. पण एकदा पुसलं की परत काही मिळत नाही, हं."

तिने आधी सगळे फोल्डर, फोटो, पेन्शनचे कागद एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग पेन ड्राइव्ह लावून मशीन नव्याने चालू केलं. पडद्यावर डिस्कचे भाग ओळीने आले. ती बाण 'डिलीट'वर नेऊन थांबली.

"बाबा, पुस्तक कुठे दिसलं नाही मला."

"ते एकदम सुरक्षित जागी आहे. तू बिनधास्त पूस."

"सुरक्षित म्हणजे कुठे?"

"अगं, चौतीस वर्षं लाखोंचं सामान सांभाळलंय मी. मला शिकवतेस?"

दुसरी कुणी असती तर वैतागून बटण दाबून मोकळी झाली असती. हिने माउसवरचा हातच उचलला. बापाला ती पुरती ओळखून होती.

"वर्कशॉपमध्ये तुम्ही इंजिनाचे चांगले नोझल कुठे ठेवायचात?"

"भंगाराच्या पेटीत, तळाशी," फोरमन छाती काढून म्हणाले. "कपाटातलं दुसऱ्या पाळीवाले पळवायचे. भंगारात कोण मरायला हात घालतोय!"

"आणि पुस्तक?"

"पडद्यावर तो कचऱ्याचा डबा असतो ना, त्यात. रोज सकाळी बाहेर काढतो, लिहितो, परत टाकतो."

लेकीने कपाळाला हात लावला. "अहो बाबा! डब्यातलं मी घेतलंच नाहीये. तो कचरा समजून सगळे सोडूनच देतात. हे एक बटण दाबलं असतं ना, तर अकरा वर्षं गेली असती."

एवढं मोठं इंजिन फोरमनच्या हातून कधी निसटलं नव्हतं, आणि आज स्वतःच "पूस, पूस" म्हणत बसले होते. ते स्टुलावर टेकले.

तिने पेन ड्राइव्ह काढला. जुनी सिस्टिम परत सुरू केली, तिची वीस मिनिटांची कुरकुर निमूट सोसली. डब्यातून एकेक प्रकरण बाहेर काढलं, दोन ठिकाणी उतरवलं आणि प्रत्येक फाइल उघडून बघितली. कुठे घाई नाही, कुठे बडबड नाही. मगच डिस्क पुसली. फोरमन तिच्या हातांकडे बघत राहिले. आपल्या हाताखाली शेकडो माणसं येऊन गेली, पण असा हात एकाचाही नव्हता, हे त्यांना मनोमन पटलं. आणि हा हात आपल्या पोरीचा! त्यांचा ऊर भरून आला.

दुपारी मशीन चुटकीसरशी सुरू झालं. पडद्यावर मधोमध एकच फोल्डर होता.

"बाबा, मोजून घ्या. एक्केचाळीस."

दुसऱ्याने आवळलेला नट स्वतः पाना लावून बघितल्याशिवाय फोरमननी जन्मात कधी गाडी सोडली नव्हती. साहेबांनी सही केलेली असली, तरी नाही. त्यांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली, माउसवर हात ठेवला. क्षणभर लेकीकडे बघितलं आणि चष्मा काढून खिशात घातला.

"तू बघितलंयस ना?" ते म्हणाले. "मग गाडी पास."